पट्टा चालूच राहू दे

शिट्टीताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावानं हाक मारली तर ती स्वतःसुद्धा वळून बघायची नाही, इतकं हे नाव अंगवळणी पडलं होतं. भेटवस्तूंच्या गोदामात खोकी बांधायचा जो लांबलचक हॉल होता, त्याची ती प्रमुख. गळ्यात काळी दोरी, दोरीला स्टीलची शिट्टी. एकदा वाजली की काम सुरू, दोनदा वाजली की चहा. घरीही तोच खाक्या. नवरा म्हणायचा, "शिट्टी कपाटात ठेवली तरी आवाज बरोबर घेऊन येते ही."

पण याच बाईला सकाळी कुणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. घर जागं व्हायच्या आधी ती देवापुढे डोळे मिटून बसायची. मागणं काही नाही, गाऱ्हाणं नाही. नुसतं बसायचं. दिवसभर एवढ्या माणसांना हाकण्याचं बळ तिथूनच येतं, असं ती ठामपणे मानायची, आणि तिचं खरंच होतं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की सगळं गाव निवांत व्हायचं आणि या हॉलची मात्र दाणादाण उडायची. सुट्टीत माणसं एकमेकांना भेटी पाठवणार, म्हणजे त्या बांधायच्या कुणी? आत भिंतीपर्यंत खोक्यांची थप्पी, बाहेर गाड्या ताटकळलेल्या. कुणाची मुलं घरी "आई, कधी येणार?" म्हणून फोन करतायत, कुणाचे पाहुणे येऊन बसलेत. नेहमी हसणारी माणसं अशा वेळी कात्री मागितली तरी खेकसायची.

मुख्य ऑफिसातून साहेबांना निरोप आला की लोकांचा ताण कमी करायला काहीतरी करा. गेल्या वर्षी असाच निरोप आला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना दाबायला रबरी चेंडू वाटले होते. दोन दिवसांत ते चेंडू घरोघरी पोरांच्या हाती गेले आणि शेजारच्यांच्या खिडक्यांवर ताण आला.

शिट्टीताई सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, चहाआधी दहा मिनिटं द्या. मी बसवते सगळ्यांना ध्यानाला."

साहेब हसले. "तुम्ही? तुमच्या शिट्टीनं ट्रकवाले दचकतात!"

"दचकतात ना? मग बसतीलही."

"बरं. शनिवारपर्यंत करून बघा. शनिवारी मी लोकांनाच विचारतो. नको म्हणाले तर विषय संपला."

शनिवार! शिट्टीताईनं मान डोलावली, पण नेमका हाच दिवस तिला नको होता. कारण मावशीनंही शनिवारच धरला होता.

मावशी रिबनच्या टेबलावर बसायची. नात्यानं कुणाचीच नाही आणि सगळ्यांचीच मावशी. शिट्टीताई नवी नवरी असताना या हॉलमध्ये कामाला लागली, तेव्हा तिला हाताला धरून शिकवलं ते मावशीनं. "अगं, रिबन ओढायची नाही, सोडायची. ती आपली आपण बसते," हे तिचं पहिलं वाक्य. आता या हंगामात मावशीचे हात कापायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, धसका आहे. परवाच ती पाणी पिता पिता म्हणाली होती, "माझ्याच्यानं हा हंगाम निघत नाही गं. शनिवारी साहेबांना सांगून मोकळी होते."

मोकळी कसली! मुलगी परदेशी, घरात बोलायला भिंती. चार माणसांत आहे म्हणून ही बाई तगून आहे, घरी बसली तर महिन्याभरात वाळून जाईल, हे शिट्टीताईला स्वच्छ दिसत होतं. बाकी सगळ्यांना शांती मिळाली तर देवाची कृपा, पण तिनं पदर खोचला होता तो मावशीसाठी.

पहिल्या दिवशी तिनं सगळं चोख केलं. शिट्टी वाजवली. पट्टा बंद करायला लावला. हा रबरी पट्टा म्हणजे हॉलचा जीव. बांधलेली खोकी त्याच्यावरून सरकत गाडीपर्यंत जायची. पट्टा थांबला, मोटारीचा आवाज विरला, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली. माणसं उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. शिट्टीताई त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "डोळे मिटा. मन रिकामं करा."

मन रिकामं करायचं राहिलं बाजूलाच. कुणी चुळबुळ करतंय, कुणी एक डोळा उघडून खोक्यांच्या थप्पीकडे बघतंय. उठल्यावर सगळे कामावर असे तुटून पडले, जणू आग लागलीय. टेप लावणारा, ज्याला सगळे गप्पूशेठ म्हणायचे कारण तो कधीच गप्प नसायचा, म्हणाला, "ताई, तुमचं ध्यान एक नंबर. मला आतमध्येसुद्धा खोकीच दिसली, आणि तीही न बांधलेली."

मावशीनं त्या दुपारी रिबन तीनदा चुकीची कापली.

दुसऱ्या दिवशीही तेच. शिट्टीताईचा पारा चढला. "अरे, दहा मिनिटं स्वस्थ बसवत नाही तुम्हाला? काय मुंग्या चावतात?" मुंग्यांचं नाव काढल्यावर चौघांनी पाय झाडले.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो भाजी चिरता चिरता म्हणाला, "शांत बसा असा दम भरून कुणी शांत बसलंय का कधी? मी इतकी वर्षं प्रयत्न करतोय."

"तुम्ही भाजीकडे लक्ष द्या," ती म्हणाली, पण बोलणं लागलं.

शुक्रवारी तिनं मावशीला चहाच्या वेळी गाठलं. "मावशी, खरं सांग. डोळे मिटल्यावर तुला काय होतं?"

मावशीनं कप खाली ठेवला, कारण बशी वाजायला लागली होती. "पट्टा थांबला की मला वाटतं, माझंच काही अडकलं. एरवी तो थांबतो कधी, सांग बरं? कुणाचं खोकं अडकलं की. मग ज्याचं अडकलं त्यानं हात वर करायचा. गेल्या आठवड्यात माझीच रिबन अडकली नाही का? अख्खा हॉल बघत होता. मी हात वर केला तो अजून खाली आला नाही, असंच वाटतं बघ. तू पट्टा बंद केलास की मी दहा मिनिटं हेच शोधत बसते की आता माझं काय चुकलं."

हात वर करायची ती रीत या हॉलमध्ये इतकी मुरली होती की तिला ती दिसेनाशीच झाली होती. अपघात होऊ नये, अडकलेलं खोकं पटकन सापडावं, म्हणून कुणीतरी घातलेली. पण इथल्या माणसांना शांतता म्हणजे विश्रांती नव्हे, चौकशी वाटत होती. आणि ती चौकशी रोज शिट्टी वाजवून आपणच सुरू करत होतो!

शनिवारी पहाटे ती देवापुढे बसली तेव्हा शेजारच्या घरातला पाण्याचा पंप धडधडत होता. रोजच असायचा. त्या आवाजातही तिचं ध्यान लागायचंच की. देवाला कुठे लागते एवढी शांतता! ती हसली आणि लवकर घराबाहेर पडली.

चहाआधी तिनं शिट्टी काढून टेबलाच्या खणात टाकली. पट्टा चालवणाऱ्याला म्हणाली, "वर खोकी ठेवू नकोस. पण पट्टा चालूच राहू दे."

"रिकामा?"

"रिकामा."

मग स्वतःच एक क्रेट उलटा केला आणि मावशीच्या शेजारी, सगळ्यांसारखं पट्ट्याकडे तोंड करून बसली. "मन रिकामं वगैरे काही करू नका. काहीच अडकलेलं नाही. तो चाललाय, ऐका नुसतं. आणि ओढायचं नाही, सोडायचं."

मावशीनं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

पट्टा गुणगुणत राहिला. एका टोकाला सांधा होता, तिथे तो हलकेच टक् करायचा, पुन्हा गुणगुणायचा. खांदे खाली आले. कुणीतरी मोठा उसासा सोडला. थोड्या वेळानं गप्पूशेठ चक्क घोरायला लागला आणि कुणीही त्याला कोपर मारलं नाही. शिट्टीताईनं हळूच डोळा उघडला. मावशीचे हात मांडीवर उताणे पडले होते. बोटं किंचित हलत होती, पण झोपेत लेकराची हलतात तशी.

साहेब कधी येऊन दारात उभे राहिले, कळलंच नाही. माणसं डोळे चोळत उठली तसे ते म्हणाले, "तर मग, हे हंगामभर चालू ठेवायचं असेल त्यांनी हात वर करा."

हात वर? साहेब बिचारे दुसऱ्या मजल्यावर बसायचे, त्यांच्या हे गावीही नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शिट्टीताईचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिथे शिट्टी नव्हती. तिनं तो तसाच खाली घेतला.

पहिला हात मावशीचा वर गेला. जरा थरथरत, पण पुरता वर. मग गप्पूशेठचा, मग पट्टावाल्याचा, मग सगळा हॉलच हात वर करून उभा.

"ठीक," साहेब म्हणाले. "आणि मावशी, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं म्हणे?"

मावशीनं हात खाली घेतला आणि पदर नीट केला. "हो. माझ्या टेबलावरचा दिवा मिणमिणतो. सोमवारी यायच्या आत बदलून ठेवा."