हिनं विणलंय

कोरोनात शाळा बंद होत्या त्या काळात मी विणायला शिकलो. कुरुंद्याजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेचा मास्तर. वय पन्नाशी ओलांडलेलं, लेकरं शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. एक दिवस मोबाईलवर कुठल्या तरी थंड मुलखातला दाढीवाला माणूस दोन रंगांची लोकर घेऊन विणताना दिसला. त्याची बोटं बघत मी तासभर बसलो. दुकानं उघडल्यावर हिंगोलीला जाऊन सुया आणल्या. दुकानदाराला सांगितलं, "घरच्यांनी मागवल्यात."

सूत काढायचं मात्र हाताला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या लहानपणी शाळेत टकळीचा तास असायचा. धनगरांची मेंढरं गावच्या रानात बसायला आली, तेव्हा मी त्यांच्याकडून काळी, राखाडी आणि थोडी पांढरी लोकर मागून आणली. धुतली, विंचरली, टकळीला लावली. पहिलं सूत दोरखंडासारखं जाड आलं, मग हळूहळू बारीक होत गेलं. पांढरी लोकर तुरटी घालून हळदीत उकळली आणि सावलीत वाळवली. उन्हात हळदीचा रंग उडतो, हे पहिली लड वाया गेल्यावर कळलं.

पण खरी गोडी दोन रंगांच्या विणीची. उजव्या हातात काळा धागा, डाव्या हातात पिवळा. नक्षी मी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढायचो. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्या रंगाची पाळी नसेल तो धागा मागून सैल न्यायचा. ओढला की वीण आखडते आणि चुण्या पडतात. चार-पाच ओळींपर्यंत काहीच कळत नाही, आणि मग एकदम सुईखाली शंकरपाळ्याचं टोक दिसायला लागतं. त्या वेळी मला हाक मारली तरी ऐकू येत नसे.

एका रविवारी मुख्याध्यापक बायकोसह घरी आले. बाजेवर अर्धी विणलेली टोपी पडली होती. मुख्याध्यापकांच्या बायकोनं ती उचलली. "कोणी विणली हो?"

"हिनं," मी म्हणालो.

ही चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवले.

"लई सुंदर, वहिनी!"

"असंच आपलं," ही म्हणाली, "वेळ जातो."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मग मी कुणाच्या नातवाला टोपी दिली, कुणाच्या बाळाला स्वेटर. दर वेळी "हिनं विणलंय." लोक हिचं कौतुक करायचे आणि मी शेजारी बसून ते ऐकायचो. मला ते फार आवडायचं.

शाळेत महिला मेळावा ठरला. त्यात हिचा सत्कार करायचं ठरलं. ही म्हणाली, "मी न्हाई जानार. मला सुई धरता येत न्हाई."

"शाल-नारळ घ्यायचा अन् खाली उतरायचं. पाच मिनिटांचं काम."

"अन् तुमीच काहून सांगत न्हाई?"

"गावात काय तोंड दाखवू? मास्तर लोकर विणत बसतो म्हणतील."

मेळाव्याच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. शाल अंगावर पडली आणि मुख्याध्यापकांच्या बायकोनं पिशवीतून सुया काढल्या. "वहिनी, पोरींना दोन टाके टाकून दाखवा."

मी माईकजवळ उभा होतो. दोन पावलं पुढं जायचं होतं फक्त. गेलो नाही.

हिनं उजवा हात डाव्या हातात धरला. "हात दुखून राहिलाय."

"मग पुढच्या महिन्यापासून शिकवा."

"मला जमनार न्हाई."

बायकांत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतून आवाज आला, "कला हाये, पन द्यायचं मन न्हाई." ते मला ऐकू गेलं. तिलाही गेलंच असणार. घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती.

त्यानंतर तांड्यावरची एक बाई यायला लागली. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्या पिशवीत आरशाचं भरतकाम असायचं, आणि तिला लोकरीचं काम शिकायचं होतं. शनिवारी दुपारी तांड्यावरून चालत यायची. पहिल्यांदा हिनं दारातूनच सांगितलं, "हात दुखतो." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या शनिवारी ती बाई एक बाटली घेऊन आली.

"काकू, हे तेल लावून बघा. माझ्या सासूचा हात ह्याच्यानंच बरा झाला."

मी आतल्या खोलीत पडद्यामागं होतो. मांडीवर अर्धं स्वेटर, दोन्ही हातांत धागे. सुयांचा आवाज होऊ नये म्हणून मी हात थांबवले होते.

हिनं बाटली घेतली, आत आली आणि ती माझ्यापुढं ठेवली.

"घ्या. तुमच्या हाताला लावा."

मी उठलो. ती बाई वळणापर्यंत पोचली होती. हातातल्या विणकामासकट मी बाहेर पळालो. लोकरीचा गुंडा अंगणातून घरंगळत मागं आला.

"थांबा, बाई. विणकाम मी करतो. हिला येत न्हाई."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. "सर, मंग काकूचा हात?"

"धड हाय. मीच खोटं बोलायला लावलं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या बाजूनं पुढं गेली, दारात उभ्या असलेल्या हिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "काकू, मी तुमाला घमंडी समजत होते. माफ करा."

माफी मागायला हवी होती मी. आणि मी तिथं गुंडा उचलत होतो.

सोमवारी स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं. दोन दिवस हसले सगळे, एकानं बंडी विणून मागितली, आणि विषय संपला. ज्याच्या भीतीनं मी बायकोला स्टेजवर खोटं बोलायला लावलं, ते एवढंसंच होतं.

हिचं मात्र तसं झालं नाही. गिरणीवर एक बाई तिला म्हणाली, "नवऱ्याची लाज झाकली बघा वहिनीनं." घरी येऊन तिनं पिठाचा डबा आपटला. "मी झाकली न्हाई. तुमी झाकायला लावली." त्या दिवशी मी माफी मागितली. तिनं "बरं" म्हटलं आणि कणीक मळायला घेतली.

तांड्यावरची बाई आता दर शनिवारी येते. सुईवर तिचा हात पहिल्यापासूनच होता. महिन्याभरात तिची वीण माझ्याहून सपाट यायला लागली. मला ती सर म्हणते, पण बसते हिच्याजवळ.

गेल्या वर्षी मी हिच्यासाठी राखाडी आणि पिवळं स्वेटर विणलं. सगळी लोकर माझ्या हातची, गळ्याशी बारीक नक्षी. तिनं उलटून पाहिलं, मागचे धागेही पाहिले, आणि म्हणाली, "ठेवा तिकडं."

ते कपाटात आहे. थंडीत ती जुनी चादरच गुंडाळून घेते. मी अजून काही विचारलेलं नाही.