कृष्णविवर आणि सुकेळी

जगाचा शेवट जवळ आल्याचं मला विरारच्या एका सभागृहात दुसऱ्या रांगेत बसून कळलं. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविक करणाऱ्याचा सत्कार झाला, आणि मग वक्ते उठले. युरोपात जमिनीखाली एक प्रचंड वर्तुळाकार यंत्र आहे, त्यात शास्त्रज्ञ कणांची टक्कर घडवतात, अशाच एखाद्या टकरीतून कृष्णविवर तयार होईल आणि ते पृथ्वी गिळून टाकेल, असं त्यांनी सांगितलं. सत्कारात मिळालेला नारळ उंच धरून ते म्हणाले, "ही आपली पृथ्वी. ती बोराएवढी होईल!" शेवटी त्यांनी पुढच्या महिन्यातल्या व्याख्यानाची तारीख जाहीर केली. त्यातली विसंगती माझ्याशिवाय कुणाला खटकल्याचं दिसलं नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. असल्या व्याख्यानांना मी करमणूक म्हणून जातो. पण त्या दिवशी माझ्या शेजारी आत्या बसली होती, आणि तिची नात, म्हणजे माझी भाची, त्याच यंत्रावर सहा महिने शिकायला निघाली होती.

मुलीचा व्हिसा आला होता, तिकीट निघालं होतं, आईवडील राजी होते. तरी आमच्या घरात आत्याने मान हलवल्याशिवाय कुणाचं लग्नसुद्धा ठरलेलं नाही, तिथे युरोपची काय कथा. तिची मान हलली होतीही. ते तोंडाने सांगायची तिची पद्धत नाही. घरातलं कुणी परदेशी निघालं की ती राजेळी केळ्यांचा घड पिकत घालते, मग केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवते आणि तयार सुकेळी केळीच्याच वाळक्या पानात बांधून प्रवाशाच्या हाती देते. पुडा मिळाला म्हणजे परवानगी मिळाली. व्याख्यानाच्या आदल्याच दिवशी केळी मांडवावर चढली होती.

व्याख्यानाहून परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "ती काय जात नाही."

"आत्या, तो माणूस काहीही बोलतो."

"नारळ दाखवून बोलला."

"अगं, पृथ्वीच जाणार असेल तर पोरगी इथे राहून काय वाचणार आहे?"

"माझ्याजवळ असेल," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी विरारमधल्या माझ्या फुलपाड्याच्या फ्लॅटमधून मुद्दाम आत्याच्या वाडीवर गेलो. आत्या मांडवाशी उभी राहून केळी पालथी करत होती. सुकेळी आता घरातच वाटायची, असं तिने जाहीर केलं होतं. मी शिक्षकी आवाज काढला. "त्या यंत्रात होतात त्यापेक्षा जोरदार टकरी रोज डोक्यावर होतात, आत्या. आकाशातून कण येतात आणि हवेवर आदळतात. पृथ्वी जन्मली तेव्हापासून चाललंय. काही झालं का?"

तिने हातातलं केळं खाली ठेवलं. "रोज येतात?"

"रोज."

"इथे?"

"इथे. तुझ्या या मांडवावरसुद्धा त्यांचा शिडकावा होतो."

तिचा चेहरा गंभीर झाला. मुद्दा पोचला, या समाधानात मी दोन कप चहा प्यायलो आणि विरारला परतलो.

चार दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, तू आजीला काय सांगितलंस?"

वाडीवर जाऊन पाहतो तर मांडवावर निळी ताडपत्री, चारी कोपऱ्यांना विटा. पावसाळा संपून महिना झाला होता. शेजारच्या वाडीतल्या बाईने हळद घातली होती वाळत, तिनेही वर जुनी चादर ओढली होती. ताडपत्री उचलली तेव्हा आंबूस वास आला. राजेळीचा अख्खा घड फुकट गेला होता.

"आकाशातून काय काय पडतंय म्हणालास," आत्या मला म्हणाली. "पोरांच्या तोंडात घालायचं ते."

भाची हसू दाबत तिच्याशेजारी बसली. "आजी, ते ताडपत्रीतून आरपार जातात. कौलातून, स्लॅबमधून जातात. तुझ्यातून, माझ्यातूनसुद्धा जातात, आत्ता, बोलता बोलता."

"आणि काही होत नाही?"

"तुला ब्याऐंशी वर्षांत काय झालं?"

"गुडघे," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग अर्धंच कशाला सांगितलंस? असंच शिकवायचास शाळेत?"

माझे बरेच विद्यार्थी या प्रश्नावर तिच्या बाजूने उभे राहिले असते.

आत्या खराब केळी एकेक करून टोपलीत टाकत राहिली. मग तिने नातीला विचारलं, "तुझं ते यंत्र जमिनीखाली आहे ना? किती खोल?"

"खूप खोल. तीन-चार विहिरी एकावर एक ठेव."

"वर सगळी माती?"

"माती, दगड, सगळं."

"म्हणजे वरचं ते पडणारं तिथवर पोचत नाही."

"फारच थोडं पोचतं."

"मग इथल्यापेक्षा तिथे बरी की ही!" आत्या मला म्हणाली, जणू तिला आतापर्यंत मीच अडवत होतो.

हा निष्कर्ष कोणत्या पायरीवर घसरला होता, ते मी फळ्यावर काढून दाखवू शकलो असतो. मी तोंड उघडलं. भाचीने माझ्या पायावर पाय दिला आणि तो दाबून धरला.

विमान अठरा दिवसांवर होतं. नवा घड पिकायला सहा दिवस, वाळायला आठ. आत्याने बोटांवर हिशेब केला, कोयता मागवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू रिटायर आहेस ना? मग कावळे हाकायला बस."

आठ दिवस मी काठी घेऊन मांडवाशी बसलो. वरून कण पडत होते, केळ्यांवर, कावळ्यांवर, माझ्या टकलावर. संध्याकाळी आत्या येऊन एकेक केळं दाबून पाही. शेवटच्या दिवशी तिने दोन पुडे बांधले.

"दुसरा कुणाला?" मी विचारलं.

"तिथल्या मोठ्या साहेबाला," ती म्हणाली. "यंत्र जपून चालव म्हणावं."