वन्संच्या नावानं भरलेले टँकर

सकाळी दिवा लावून वळले तर वन्सं टेबलाशी बसून पालेभाजी निवडत होत्या. निवडत कसल्या, तिच्यावर सूड उगवत होत्या. देठं आणि पानं एकाच ढिगात पडत होती. मी म्हटलं, "राहू द्या, मी बघते."

"डेपोनं घरी बसवलंय, आता तू भाजीवरूनही उठव," त्या म्हणाल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. शहराबाहेर, रुळांच्या पलीकडे तेलाचा डेपो आहे. जमिनीखालच्या नळानं कारखान्यातून पेट्रोल-डिझेल तिथल्या पांढऱ्या टाक्यांत येतं आणि तिथून टँकरमध्ये भरून पंपापंपांवर जातं. टँकर भरायच्या फलाटावर वन्सं मुख्य आहेत. आहेत म्हणायचं की होत्या, हाच तर घोळ आहे. वहीत रोज चार ओळी लिहिते, ह्या घोळाचं चार ओळींत भागणार नाही.

बाई नाकावर राग घेऊनच जन्माला आल्या, पण कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही. संध्याकाळी कधी पुढच्या दारानं येत नाहीत. मागच्या न्हाणीत जाऊन गणवेश बदलायचा, केस धुवायचे आणि मग घरात. कपड्यांना पेट्रोलचा वास असतो आणि देवापुढे माझा दिवा तेवत असतो. नवी सून होते तेव्हा मला वाटायचं, देवाचा मान ठेवतात. एकदा तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाल्या, "देवाचा नाही गं, आगीचा." देवाधर्माशी त्यांचा संबंध एवढाच. पण मी जपाला बसले की रेडिओ बारीक करतात, आणि हे मोठ्यानं बोलायला लागले की "बाळ्या, तोंड!" एवढंच म्हणतात. ह्यांचे केस पांढरे झाले तरी त्यांना ते बाळ्याच.

टँकरवाले त्यांना ताई म्हणतात. त्यातला एक भोंगा. गाडी सुरू करायच्या आधी तो हॉर्न वाजवतो म्हणून ते नाव. ठिणगी उडू नये म्हणून टँकरला लावायची जमिनीची तार न लावता त्यानं एकदा झाकण उघडलं, तेव्हा ताईंनी त्याला अख्ख्या फलाटासमोर असा झापला की तो अजून घरी बादलीत पाणी भरतानाही तार शोधतो म्हणे.

तर झालं असं. एके दिवशी कंपनीच्या मोठ्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बसले. कुठून तरी लांबून चोर आत शिरले, सगळ्याला कुलूप ठोकलं आणि पडद्यावर खंडणीचा मजकूर डकवून मोकळे झाले. डेपोतल्या टाक्यांना काही झालं नव्हतं. पंप धड, नळ धड, तेल काठोकाठ. पण कुठल्या टँकरला किती द्यायचं ते कॉम्प्युटर सांगतो, झडप तोच उघडतो, बिल तोच छापतो आणि बिल नसेल तर फाटक उघडत नाही. चोर आणखी कुठवर शिरलेत ते कळेना, म्हणून कंपनीनं आपल्याच हातानं सगळं थांबवलं. टाक्यांतून बाहेर काही जाईना, म्हणून नळातून आत येणारंही बंद करावं लागलं. तिकडे कारखान्यात तयार तेल ठेवायला जागा उरेना, त्यांनी भट्ट्या मंद केल्या. आणि इकडे पंप कोरडे ठणठणीत.

"पण तेल आहे ना? मग हातानं भरा की," हे म्हणाले. स्कूटर ढकलत आले होते, घामानं निथळत.

"चाक फिरवून भरता येतं रे. पण टँकर भरत आला की आपोआप थांबवणारं यंत्र चोरांच्या ताब्यात आहे की आपल्या, हे कोण सांगणार? तू उभा राहतोस खाली?"

हे स्कूटरच्या चाकाकडे बघत राहिले.

गल्लीत तर आमचं चालणं मुश्कील झालं. दूधवाला सायकल काढून उशिरा यायला लागला, शाळेची बस बंद, पंपावरच्या रांगा चौकापर्यंत. आणि जो तो आमच्याच दारात. समोरच्या काकू जिन्यातून ओरडायच्या, "काय हो, तुमच्या नणंदबाईंनी सगळं तेल पिऊन टाकलं का?" पहिल्यांदा मी हसले. नंतर नंतर हसू येईना.

मग मोठ्या ऑफिसातून चौकशीच्या बाई आल्या. त्यांनी शोध लावला की चोर आमच्याच डेपोतून आत गेले. आणि ज्या नावानं गेले, ते नाव वन्संचं. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरी बसवलं.

ते कसं, हे कळायला मलाही वेळ लागला. फलाटावर एकच कॉम्प्युटर. तो चालू करून नाव आणि पासवर्ड घालून आत शिरायला इतका वेळ खातो की तोवर टँकरवाले हॉर्न वाजवून जीव काढतात. आणि जरा हात काढला की पडदा झोपतो, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिथली रीतच पडली होती. सकाळी जो पहिला येईल त्यानं आपल्या नावानं उघडायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच नावावर काम करायचं. पडदा झोपू नये म्हणून एका कळीवर जुन्या झडपेचा लोखंडी नट ठेवून द्यायचा. पहिलं येणारं माणूस कोण, तर वन्सं. सगळ्यांना त्यांचा पासवर्डही पाठ. त्या नसल्या तरी त्यांच्याच नावानं दुकान उघडायचं. डेपोच्या साहेबांनीच कौतुकानं सांगितलं होतं, "असंच चालू द्या, ताईंमुळे लाईन थांबत नाही." यंत्र दुरुस्त करणारी बाहेरची कंपनी लांबून जोडून घ्यायची, तीही ह्याच उघड्या नावावरून. चोर त्या वाटेनं आले.

आता साहेबांना यातलं काही आठवेना.

दोन दिवसांनी ते घरी आले. आमच्या पुढच्या खोलीत बसले, चहा घेतला, पंख्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही एवढंच म्हणा की एक दिवस बंद करायचं विसरले. किरकोळ चूक. समज देतील, विषय मिटेल."

"आणि ते सगळे रोज माझ्या नावावर बसत होते, ते?"

"ते कशाला काढायचं? सगळा फलाट गोत्यात येईल. तुम्ही आमच्यातल्या मोठ्या."

"मोठी म्हणून खापर माझ्याच डोक्यावर फोडायचं?"

"खापर कोण म्हणतंय?"

"तुम्हीच तर घेऊन आलात."

साहेबांनी चहा अर्धा टाकला. जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा समजवा." मी काय समजवणार? मी कप उचलला.

रात्री जेवताना हे म्हणाले, "घे ना गं एवढं अंगावर. नोकरी तरी टिकेल."

"कशी टिकेल? चोराला दार उघडणारी म्हणून? त्या फाटकातून आत कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि माझ्याकडे वळून, "तू बरी. तुझ्या देवाला पासवर्ड लागत नाही."

"लागत नाही, पण त्याच्यापुढे दुसऱ्याच्या नावानं बसता येत नाही," मी म्हटलं. खरं तर मला त्यांना धीर द्यायचा होता, निघालं भलतंच. पण त्या जेवायच्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब कोण घालत होतं?"

"मीच की. तुम्ही मला शिव्या घालत होतात."

त्या मान डोलवून पुन्हा जेवायला लागल्या. भांडी मात्र त्या दिवशी त्यांनीच घासली, आणि आदळली नाहीत.

चौकशीला मी बरोबर गेले. बस नव्हत्या, चालतच गेलो. रस्त्याकडेला रिकामे टँकर एकामागे एक उभे, चालक खाली सावलीत पडलेले. भोंगा उठून म्हणाला, "ताई, आत गेल्यावर जरा आमचंही बघा."

"माझंच कोणी बघत नाहीये, तुझं काय बघू?"

डेपोच्या ऑफिसात वीज गेलेली. जनरेटर आहे, पण त्यात डिझेल नाही. मागे डिझेलच्या टाक्या भरलेल्या, आणि बिल निघत नाही म्हणून जनरेटरला लिटरभर मिळेना! मला हसावं की रडावं कळेना. पंखा बंद म्हणून खिडक्या, दारं सताड उघडी, त्यामुळे बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात नाम घेत होते, पण कान आत.

वन्संचा फलाटावरचा जोडीदार, त्याला सगळे लंबू म्हणतात, त्याची पाळी आधी आली. आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला माणूस. तो म्हणाला, "आम्ही आपापल्याच नावानं बसतो, मॅडम." अगदी पाठ केल्यासारखं. साहेबांनी मान डोलवली असणार, कारण त्याला कोणी अडवलं नाही.

मग वन्सं आत गेल्या, लंबू तिथेच बसून होता. बाईंनी सौम्यपणे विचारलं, "तुमचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला माहीत होता?"

"सगळ्यांना."

"बाकीचे नाही म्हणतात."

"म्हणू देत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवडाभर मी पट्टी बांधून घरी पडले होते. रजा साहेबांनीच मंजूर केली. त्या आठवड्यात माझ्या नावानं किती टँकर भरले, ते बघा."

आत बाईंच्या लॅपटॉपच्या कळा खटखट वाजल्या. मी नाम विसरले.

"रोज भरलेत," बाई म्हणाल्या.

"मी आंधळी कोशिंबीर खेळत भरले का? माझी भावजय बाहेर बसलीय, ती सांगेल मी कुठे होते. मला ती दिसत नव्हती, पण तिला मी दिवसभर ऐकू येत होते."

मी बाकावरून उठले, पण मला कोणी बोलावलं नाही.

"मग त्या आठवड्यात तिथे कोण बसलं होतं?" बाईंनी लंबूला विचारलं. साहेब खाकरले आणि म्हणाले, "म्हणजे, कामाची सोय म्हणून... कधीकधी..."

"कधीकधी नाही. रोज," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. परतताना मी दोनदा देवाचे आभार मानले. पण निकाल आला तो असा: चोरांशी ताईंचा काही संबंध नाही, हे मान्य. मात्र पासवर्ड दुसऱ्यांना कळू दिला हा नियमभंग, म्हणून त्यांना फलाट बंद. डेपो सुरू होईल तेव्हा त्यांनी फाटकावर बसून आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायचे. फलाटावर लंबू. साहेबांना काहीच नाही. ज्यानं ती रीत वाखाणली त्याच्यावर कुठला नियम लागू पडला नाही.

हे म्हणाले, "नोकरी तर राहिली."

वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं की हे उठून स्कूटर पुसायला गेले. पंपावर पेट्रोल आलेलं नव्हतंच, तरी पुसत बसले. मलाही राग आला होता. देवापुढे बसले तरी मन लागेना. एवढं खरं सांगून हातात काय, तर फाटकाची खुर्ची. तक्रार कुणाकडे करायची? जपाची माळ तशीच हातात राहिली.

डेपो सुरू झाला. प्रत्येकाला नवा, ज्याचा त्याचा पासवर्ड, आणि चुकला की नावाला कुलूप. मी दुपारी डबा घेऊन गेले तर टँकरची रांग फाटकापासून रुळांपर्यंत लागलेली. सगळे चालक ओरडत होते ते वन्संवरच, कारण फाटकावर दिसत होत्या त्या.

"ताई, सकाळपासून एकच गाडी बाहेर पडली!"

"मी काय पोटातून काढू?" त्या म्हणाल्या, आणि डबा उघडला. भोंग्यानं हॉर्न दिला. "भोंग्या, उठून तिथे येईन हं!"

तेवढ्यात साहेब फलाटाकडून जवळजवळ पळत आले. शर्ट पाठीला चिकटलेला. लंबूनं पासवर्ड चुकवून चुकवून स्वतःच्या नावाला कुलूप लावून घेतलं होतं, दुसऱ्या पाळीच्या माणसाचंही तेच. मोठं ऑफिस उद्या उघडून देणार. तुमचं नाव फलाटाच्या यादीतून काढायचं राहिलंय, तेवढंच चालतंय, असं म्हणाले. "एकदा येऊन उघडून द्या ना. पुढचं लंबू बघेल."

मी वन्संकडे बघत होते. त्यांनी घास गिळला.

"माझ्या नावावर लंबू बसणार नाही."

"अहो, लाईन बघा!"

"बघतेय. सकाळपासून मीच बघतेय. फलाटावर मी हवी असेन तर मोठ्या ऑफिसला फोन लावा. माझ्यासमोर. सांगा, ताई फलाटावर परत पाहिजेत, त्यांच्याच जागी. आणि आधीची रीत कोणाच्या सांगण्यावरून होती, तेही सांगा."

"ते नंतर बघू ना."

"मग तेलही नंतर."

साहेब रांगेकडे बघत राहिले. मागून हॉर्नवर हॉर्न. फाटकापलीकडे झाडाखाली गेले, आमच्याकडे पाठ केली, फोन कानाला लावला. वारा आमच्याच दिशेनं होता. "हो सर... नाही, त्यांनाच परत... हो, मीच सांगितलं होतं तेव्हा, सर... हो, माझंच..." एवढं तुटक तुटक ऐकू आलं. वन्संना माझ्याहून चांगलं ऐकू आलं असणार, पण त्या भाजीत बघून जेवत होत्या.

साहेब आले आणि म्हणाले, "चला, ताई."

मी घाईनं डब्याचं झाकण उचललं.

"राहू दे गं," वन्सं म्हणाल्या, "अजून जेवतेय मी. थांबू देत त्यांना."