सव्वीस वर्षं चोळलेला गुडघा

लिही. सगळ्यात आधी हे लिही की तुझ्या आजोबांच्या उजव्या गुडघ्याला मी सव्वीस वर्षं तेल चोळलं. रोज, स्वयंपाकाला लागायच्या आधी. माझाच अंगठा दुखायला लागायचा, तरी चोळलं. आता पुढचं सांगते, मध्ये हसू नकोस, हसलीस की तुझं अक्षर तिरकं जातं आणि मग तुझं तुलाच वाचता येत नाही.

तुझे आजोबा स्टुडिओत कामाला होते. तिथे गाणी रेकॉर्ड व्हायची. हे काही गायचे नाहीत की वाजवायचे नाहीत. यांचं काम गप्प करण्याचं. माणसांना नाही गं, वस्तूंना. खुर्ची करकरली की तिचे खिळे ठोकायचे, दाराच्या बिजागरीला तेल घालायचं, टेबलाच्या पायांना जाड कापड चिकटवायचं. गायला येणाऱ्यांच्या बांगड्या, किल्ल्या, खिशातली नाणी काढून ट्रेमध्ये ठेवायची. रेकॉर्डिंग करणाऱ्या साहेबांना काचेपलीकडे नुसतं कळायचं की काहीतरी खुट् झालं. कुठे झालं ते यांनी शोधायचं. कान असा, की शेजारणीची किल्ली कुलपात फिरली की हे म्हणायचे, "आज घाईत आहे बाई."

मला बघायला आले तेव्हा आमच्या घरी पहिलं वाक्य काय बोलले ठाऊक आहे? माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या कपाटाचं डावं दार आवाज करतंय." आणि उठून तेल मागितलं. माझी आई म्हणाली, मुलगा कामाचा आहे. मी म्हटलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. पण ते असो, ते तू लिहू नकोस. बरं, लिही, लिहिलंस तर लिही.

तर एका वर्षी कुठेतरी लांब मोठा भूकंप झाला. घरं गेली, पोरं उघड्यावर आली. सगळ्या मोठमोठ्या गायक-वादकांनी ठरवलं की एकत्र येऊन एक गाणं करायचं आणि त्याचे सगळे पैसे त्या लोकांना द्यायचे. एकतीस जण आले, एकाच खोलीत. ज्यांची एकमेकांशी वीस वर्षं बोलाचाली नव्हती, ते खांद्याला खांदा लावून उभे. वर त्याची फिल्म काढायला कॅमेरेवालेही आले.

यांनी सकाळपासून एकतीस जणांच्या बांगड्या, घड्याळं, साखळ्या गोळा केल्या. प्रत्येकाचा ट्रे वेगळा, वर चिठ्ठी. आणि गाणं सुरू झालं, तर कुर्र. साहेब म्हणाले, थांबा. परत सुरू, परत कुर्र. असं सात वेळा. एक गायिका वैतागून निघाली, दोघे आपसात तणतणायला लागले. दुपारी तिघांना गाडी पकडायची होती. साहेब यांना म्हणाले, "हा आवाज सापडला नाही तर गाणं गेलं, आणि त्या पोरांचे पैसेही गेले."

हे रांगत निघाले, त्या मोठ्या लोकांच्या पायांमधून. आणि मग घरी येऊन मला एवढंच सांगितलं: "अगं, आवाज माझ्याच गुडघ्याचा होता. मी खोलीतून बाहेर गेलो, गाणं झालं."

झालं. सगळ्या स्टुडिओला हसायला विषय मिळाला. आवाज शोधणाराच आवाज करतो. साहेबांनी यांना खोलीतून काढलं आणि फाटकावर बसवलं, येणाऱ्या गाड्या लावून घ्यायला. ज्या माणसाला चमचा बशीवर ठेवलेला सहन होत नाही, तो निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं हॉर्न ऐकत बसला. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने गुडघा वाकवला, सरळ केला, कान लावला. म्हणाला, "काहीच वाजत नाही." हे म्हणतात, "कामावर वाजतो." मग मी तेल सुरू केलं. आणि तोंडही. खोटं कशाला बोलू, मी फार बोलले यांना. "चांगली खोलीतली नोकरी, गुडघ्याने घालवली." हे नुसता पाय पुढे करायचे.

आता गेल्या महिन्यात ती फिल्म आली. इतकी वर्षं डब्यात पडलेली, कुणीतरी जोडून टीव्हीवर लावली. तुझ्या बाबांनी रविवारी दुपारी सगळ्यांना गोळा केलं. माझा जीव नुसता टांगणीला. म्हटलं, इतके दिवस स्टुडिओपुरतं हसं होतं, आता जगभर होणार. मी यांना म्हणाले, "तुम्ही आत जाऊन झोपा." हे चहा घेऊन पुढेच बसले.

तू होतीसच. पण लिही, वाचणाऱ्याला काय माहीत.

फिल्ममध्ये त्या एकतीस जणांतला सगळ्यात मोठा गायक पहिल्या रांगेत. त्याचं नाव लिहायचं नाही. पांढरा कोट, वय पन्नास, आणि कंबर अशी की माझ्या लग्नातही माझी नव्हती. मग हे दिसले, रांगताना. तुझे बाबा म्हणाले, "बाबा, काय हरवलंय?" तुझी आई तोंडावर पदर घेऊन हसली. मग हे त्या गायकाला म्हणतात, "माइकची वायर अडकलीय, जरा पडद्यामागे या." दोघे गेले, दोघे आले. हे हात जोडून सगळ्यांना सांगतात, "माफ करा, माझा गुडघा वाजत होता." आणि दाराकडे चालायला लागले. प्रत्येक पावलाला कुर्र, कुर्र. दार बंद झालं, आवाज बंद.

तुझे बाबा म्हणाले, "गुडघा सुरात आहे हं." मी मान खाली घातली.

गाणं सुरू झालं. आणि तुझी धाकटी बहीण, पाच वर्षांची, टीव्हीला नाक लावून म्हणाली, "त्या काकांना एवढं पोट कुठून आलं?"

मी वर बघितलं. खरंच की. कोटाचं बटण सुटलेलं, आणि पोट असं ऐसपैस बाहेर, गाण्याबरोबर वरखाली. मी यांच्याकडे पाहिलं. हे कपात बघत होते. कपात चहा नव्हता.

मला काय झालं सांगू, एकदम पाहुण्यांच्या अंथरुणांची वळकटी आठवली. ती बांधायला एक रुंद चामडी पट्टा होता, तीन बकलांचा. हे म्हणायचे, कामावर पाठीला दिलाय. आणि वळकटी कायम स्वतः बांधायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. घरातल्या झाडूच्या दांड्यालासुद्धा तेल घालणारा माणूस, त्या पट्ट्याला कधी थेंब घातला नाही. मी उठले, पट्टा सोडून आणला आणि सगळ्यांसमोर ताणला.

कुर्र.

तुझ्या बाबांनी फिल्म थांबवली.

मी म्हटलं, "अहो, बोला."

हे म्हणाले, "त्यांनी पोटावर आवळला होता, श्वास घेतला की वाजायचा. सोडवला, पण ठेवणार कुठे? चारी बाजूंनी कॅमेरे. माझ्याच शर्टाखाली बांधला आणि बाहेर पडलो. आता पट्टा चालताना वाजणार, मग गुडघा म्हणालो. त्यांना शब्द दिला होता, कुणाला कळणार नाही म्हणून."

"मला पण?"

"तू कुणीच नाहीस का?"

हे कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

मी विचारलं, "मग परत का नाही दिला?"

"फाटकातून त्यांची गाडी जायची, तर चार माणसं आत. गाडीच्या काचेतून पोटाचा पट्टा कसा देणार?"

"आणि तेल का नाही घातलं त्याला?"

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तेल घातलं असतं तर तो गप्प झाला असता. मग मलाच वाटायला लागलं असतं की गुडघाच होता."

तेव्हा मला रडू आलं. ते लिहू नकोस. आणि लगेच राग आला, तो लिही. सव्वीस वर्षं धडधाकट गुडघा चोळून घेतला या माणसाने.

तुझ्या बाबांनी फिल्म परत लावली. शेवटी तो गायक, आता पांढऱ्या केसांचा, काठी टेकून बसलेला. विचारणारी मुलगी म्हणते, "त्या गुडघ्याने गाणं बिघडवत आणलं होतं, नाही का?" तो म्हणाला, "नाही. त्या गुडघ्याने वाचवलं." ती हसली, तिला वाटलं म्हाताऱ्याची गल्लत झाली. तो हसला नाही. म्हणाला, "त्याला सांगा, मला अजून आठवतो."

हे उठले, पट्टा माझ्या हातातून घेतला आणि वळकटी बांधायला गेले. मी मागून म्हटलं, "मी हे सगळं लिहून घेणार आहे नातीकडून."

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी कुठे दिलाय?"

"नाव तरी घालू नकोस त्यांचं."

तेवढं मी कबूल केलं. म्हणून नाव नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन बसले, सवयीने. यांनी पाय पुढे केला, सवयीने. मग दोघांनाही आठवलं. मी म्हटलं, "आता कशाला?" हे जरा चाचरत म्हणाले, "अगं, या वर्षी खरंच दुखतोय."

मी कान लावला. वाजत होता.