रोह्याचे दात, पेणची मशेरी

करोनाच्या काळात पेणला आमच्या घरी दोन माणसं झोपतानाही मास्क लावत. एक बाबा, दुसरी आई. शेजारीपाजारी कौतुक करत, बघा, म्हातारी माणसं किती काळजी घेतात! काळजी कसली डोंबलाची. बाबा दात लपवत होते आणि आई मशेरी. मी दोन दिवसांसाठी माहेरी आले होते, ती लॉकडाऊनमध्ये अडकले आणि हा तमाशा बघत बसले.

बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. उभा जन्म माइकवरून गाड्या पुकारण्यात गेला, त्यामुळे आवाजाचा तोरा भारी. निवृत्त झाल्यावर त्यांच्या दातांनीही एकेक करून निवृत्ती घेतली, तेव्हा त्यांनी कवळी केली ती रोह्याला. पेणमध्ये दातांचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण स्टँडवर कळलं असतं ना! घरी सांगत, जमिनीच्या कामाला जातो. रोह्यात आमची जमीन म्हणाल तर कुंडीतली मातीसुद्धा नाही. तोंडाला रुमाल लावून जात, आणि एक दिवस नवेकोरे दात घेऊन परतले. आम्ही सगळ्यांनी ते बघितले आणि कुणीच काही बघितलं नाही. बायकोला आपलं बोळकं दिसू नये म्हणून ते रात्रीही कवळी काढत नसत.

आईचं प्रकरण जुनं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, ती मशेरी. बाबांना तिचा मनस्वी तिटकारा. माझ्या लग्नात व्याह्यांपुढे शोभा नको म्हणून आईने ती सोडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ती मागच्या पडवीत भाजू लागली, एवढाच फरक. मशेरीचा वास काय पडवीत थांबतो?

गाड्या बंद, दवाखाने बंद, आणि नेमक्या तेव्हाच बाबांच्या हिरड्या सुजल्या. मी बाबांच्या मोबाइलमधून रोह्याच्या डॉक्टरांचा नंबर शोधला आणि गुपचूप फोन लावला. ते म्हणाले, "चोवीस तास कवळी घालून बसतात का ते? रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायला सांगा. हिरड्यांना विश्रांती नको?" त्याच रात्री बाबा मास्क लावून अंथरुणावर पडले. आईने विचारलं तर काही न बोलता टीव्हीकडे बोट दाखवलं. म्हणजे सरकारचा हुकूम.

दुसऱ्या दिवसापासून आईनेही मास्क लावला. मला वाटलं, फिट्टंफाट. पण मग तिने भाकरी सोडली. पेज पिऊ लागली, तीही डावा गाल धरून. एकदा मोरीत चूळ भरताना मी तिला गाठलं, तर पाणी लालसर.

"काय नाय गो, जीभ चावली."

जीभ काय रोज चावते? तिच्या थोरल्या बहिणीला मशेरीने असंच गालात झालं होतं आणि वर्षाच्या आत मावशी गेली. तिचं सगळं आईनेच केलं होतं. आईला ठाऊक होतं काय असू शकतं, म्हणून तर ती तोंड उघडत नव्हती. मी घाबरले. रागही आला, तिच्या मशेरीचा, बाबांच्या दातांचा, त्या बंद पडलेल्या गाड्यांचा.

पुन्हा रोह्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आधी गालाच्या आतला फोटो पाठवा. मी मोबाइल घेऊन आईपुढे बसले. ती जेवत होती, म्हणजे भात चिवडत होती. मला बघताच तिने मास्क वर ओढला.

"मराण आलं तं येऊ दे. मना नाय बघायचं."

मी समजावलं, रडले, ओरडले. भिंतीशी बोलले असते तर भिंत पाझरली असती. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. ते उठले, गुडघे वाजवत तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मास्क काढला. मग वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही तिच्या ताटात भाताशेजारी ठेवल्या. त्यांचा चेहरा निम्मा आत गेला. आणि तशा तोंडाने, स्टँडवरच्या आवाजात त्यांनी रोह्याची गाडी पुकारली. 'रोहा' सोडून शब्द एकही कळला नाही, बाकी नुसती हवा आणि थुंकी.

आई बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तिने मास्क खाली ओढला आणि आ वासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी टॉर्च लावला. काळ्या हिरड्या दिसल्या, आणि डाव्या गालात पांढऱ्या कडेची जखम. बाबांनीही ती बघितली. त्यांनी बोटाने तिचा गाल अलगद बाजूला धरला आणि बोळक्याने म्हणाले, "तशीच रा गो."

फोटो बघून डॉक्टरांनी लगेच बोलावलं. पास काढला, शेजाऱ्यांच्या रिक्षातून रोह्याला गेलो. प्लास्टिकच्या झग्यात घामाघूम झालेल्या डॉक्टरांनी आत बघितलं. तुटक्या दाढेची धार गालाला कापत होती. त्यांनी ती घासून बोथट केली. म्हणाले, जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि मशेरी आजपासून बंद.

"ती नाय लावत," बाबा तिथल्या तिथे म्हणाले. डॉक्टरांनी आईच्या हिरड्यांकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि चिठ्ठीवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लिहून दिल्या.

ते पंधरा दिवस आई मिठाच्या पाण्याने गुळण्या करी आणि बाबा रोज सकाळी टॉर्च घेऊन तिच्या तोंडात डोकावत. दात लावायच्याही आधी. जखम भरली. त्या दिवशी बाबा पडवीत जाऊन एकटेच रडले.

आईने मशेरीचा डबा उकिरड्यावर रिकामा केला, राखेने घासला आणि कवळी ठेवायला बाबांना दिला. पण तंबाखूचा वास असा जातो होय? सकाळी दात लावले की बाबा कुरकुरतात, तोंडाला मशेरीचा वास येतो म्हणून. आई चुलीपाशी असते.

"ऐकू येत नाय. जवळ येऊन बोला."

ते जवळ जाऊन तेच पुन्हा सांगतात. आई डोळे मिटून एक लांब श्वास घेते आणि म्हणते, "आनखी एकदा बोला."