‘विधेयक’ आला का?

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो! चार माणसं एका खोलीत राहिली, एकाच पातेल्यातलं जेवली, की ते आपोआप साठतात. मी एसी मेकॅनिक. फिल्टर कितीही धुवा, बहरीनची वाळू त्यात पुन्हा येऊन बसणारच. किश्शांचं तसंच. माझी मुलं म्हणतात, "बाबा, टेल अस समथिंग फनी!" मी हसवायला म्हणून सुरुवात करतो. निम्म्यात आलो की त्यांची आई उठून स्वयंपाकघरात जाते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहरीनमध्ये उम्म अल हस्समला आमची मेस. आम्ही चौघे. मी पेणचा. दिनू सावंत कुडाळचा, कंपनीची पिकअप चालवायचा. बापू शिंदे साताऱ्याकडचे, सुतार. आणि हसनचाचा रत्नागिरीचे, एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. वयानं आमच्यात मोठे, आणि इंग्रजी पेपर न अडखळता वाचणारे तेवढेच.

आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण तेव्हा आपला देश सोडून बाहेर पडायचं तर आपल्याच सरकारची परवानगी लागायची. पासपोर्टवर देशांची नावं लिहिलेली असायची. त्याच देशात जायचं, दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही! वर कामगार माणसाला आणि त्याच्या घरच्यांना आणखी एक शिक्का. तो नसला तर विमानतळावरून परत.

आणि अशात बातमी आली की हे सगळे निर्बंध उठवणारं विधेयक दिल्लीत येणार!

* * *

रजेवरून येणारा प्रत्येक जण मुंबईचे पेपर आणायचा. कधी वाचायला, बहुतेक वेळा लोणच्याच्या बरणीला गुंडाळून. शुक्रवारी नमाज पढून आले की हसनचाचा ते तेलकट पेपर सरळ करायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे.

"विधेयक येणार, असं मंत्री म्हणाले."

पुढच्या महिन्यात, "विधेयक या अधिवेशनात येणार."

त्याच्या पुढच्या महिन्यात, "विधेयक काही कारणानं आलं नाही."

दिनू कांदा चिरत होता. सुरी थांबवून त्यानं विचारलं, "चाचानू, हो विधेयक खंयचो? मालवणचो?"

बापू हसून हसून आडवे झाले! पण दिनूचा चेहरा गंभीर. म्हणाला, "खंयचोय असूंदे. त्येका सांगा, बायल वाट बघता माझी."

तेव्हापासून विधेयक आमच्या मेसचा पाचवा मेंबर झाला. कामावरून आलं की दारातच विचारायचं, "विधेयक आला का?" आतून उत्तर यायचं, "बुकरा, इंशाल्ला!" म्हणजे उद्या.

* * *

बापूंच्या साईटवर अबू खलील नावाचा बहरीनी फोरमन होता. प्रेमळ माणूस. एकदा जेवणाच्या सुट्टीत बापूंनी त्याला मोडक्या अरबीत आणि हातवाऱ्यांनी हा सगळा प्रकार समजावून सांगितला.

अबू खलील ऐकतच राहिला. त्याला एवढंच कळलं की या लोकांचं सरकार त्यांना घराबाहेर सोडत नाही. म्हणाला, "वल्ला! तुमचं सरकार तुमच्यावर फार प्रेम करतं!"

बापू म्हणाले, "व्हय. सासू करती तसं."

याचं अरबी काही बापूंना जमलं नाही. पण आम्हाला त्यांनी ते संध्याकाळी ऐकवलं आणि आम्ही हसलो.

* * *

बापूंचे वडील, आबा. त्यांना एकदा पोराकडे यायचं होतं. बापूंनी साहेबाच्या मागे लागून व्हिजिट व्हिसा मिळवला. आबा गावच्या मास्तरांना घेऊन मुंबईला परवानगीच्या ऑफिसात गेले. धोतर, डोक्याला पटका, पायात करकरीत नव्या वहाणा.

तिथल्या माणसानं विचारलं, "आजोबा, या वयात कशाला जाता?"

"पोराचं त्वांड बगायला."

"परत याल याची हमी काय?"

आबांना हमी म्हणजे काय ते मास्तरांनी समजावलं. तेव्हा आबा म्हणाले, "मग सायेब, तुमीच जावा. माज्या पोराचं त्वांड बगून या, आन् मला सांगा कसा दिसतोय त्यो."

माणूस हसला म्हणे. चहासुद्धा पाजला. पण शिक्का दिला नाही!

बापूंनी मग मनामाला स्टुडिओत जाऊन फोटो काढला. उसना कोट, मागे पडद्यावर धबधबा. फोटो गावी गेला. आबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मास्तरांना विचारलं, "पोरगं बारीक झालंय, का फोटूवाल्यानं बारीक केलंय?"

बापूंची रजा पुढे ढकलत गेली. कंपनीचं काम संपेना, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. अखेर ते गावी पोचले तेव्हा आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन करून घ्यायला भीत होते. बापू समोर जाऊन बसले. आबांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी.

म्हणाले, "फोटूवाल्याची चूक न्हाई. बारीकच झालायस."

बापू हे सांगायचे तेव्हा आबांचा आवाज हुबेहूब काढायचे. आम्ही हसावं म्हणून.

* * *

दिनूचा किस्सा मात्र दिनूनं कधीच सांगितला नाही. मी तिथं होतो म्हणून मला माहीत.

एका शुक्रवारी हसनचाचांनी वाचलं, "विधेयक लोकसभेत मांडलं!" अहो, काय सांगू! जिदहफ्सच्या बाजारातून मटण आणलं, बापूंनी परातीवर ताल धरला. आणि दिनूला वाटलं, मांडलं म्हणजे झालं! चाचा दहा वेळा म्हणाले, "दिनू, नुसतं मांडलंय. अजून पास व्हायचंय." पण ऐकतो कोण?

लग्नानंतर महिन्याभरात तो इकडे आलेला. बायकोचं नाव सुशीला. त्यानं झिंजला एका घराच्या गच्चीवरची खोली घेतली. स्वतः रंग दिला. निळ्या फुलांचे पडदे आणले. शिवले बापूंनी, सुतार माणसाचे टाके, इंच इंच लांब! व्हिसा झाला, तिकीट गेलं.

ती यायची त्या दिवशी दिनू पांढरा शर्ट घालून मुहर्रकच्या विमानतळावर उभा. मी सोबत. विमान उतरलं. माणसं बाहेर यायला लागली. आली, आली आणि संपली.

दिनूचा एक ओळखीचा लोडर होता, केरळचा. तो आत गेला आणि ट्रॉली ढकलत बाहेर आला. ट्रॉलीवर सुंभानं बांधलेली हिरवी ट्रंक. वर पांढऱ्या रंगात दिनूचं नाव, गाव, तालुका.

"ये किसका है? कोई लेने नहीं आया," तो म्हणाला.

सामान आधी विमानात चढलं होतं. मग पासपोर्ट बघणाऱ्यानं सुशीलावहिनींना शिक्का विचारला. तो नव्हता. वहिनी मुंबईलाच राहिल्या. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

दिनूनं ट्रंकेवर हात ठेवला. कोकमाचा वास येत होता. म्हणाला, "सामान इलां. ती नाय इली."

पिकअपमध्ये ट्रंक त्यानं मागे ठेवू दिली नाही. पुढच्या सीटवर मधे ठेवली. मी खिडकीला चिकटून बसलो.

वर्षभरानं तो गावी गेला आणि परत आलाच नाही. कुडाळला रिक्षा घेतली. दोघांचं बरं चाललं, असं कळायचं. तो जायच्या आधी काही महिने हा पुढचा किस्सा घडला, म्हणून दिनू यात आहे.

* * *

विधेयकाचं काय झालं म्हणाल, तर दिल्लीत सरकारच पडलं. लोकसभा बरखास्त. हसनचाचांनी वाचून दाखवलं, "सभागृह गेलं, की त्यापुढचं विधेयकही जातं."

"जातं म्हंजी? कुटं जातं?" बापूंनी विचारलं.

चाचांनी पेपरची घडी घातली. त्यानंतर कित्येक शुक्रवार त्यांनी पेपर उघडला नाही.

पुढे काही वर्षांनी एकेक निर्बंध सैल झाला. तोवर आमच्या मेसमध्ये ती बातमी विचारणारा कोणी उरला नव्हता.

पण चाचा एवढे का खचले? तर त्यांची धाकटी बहीण, झुलेखा. फाळणीनंतर थोड्याच वर्षांत तिचं लग्न झालं आणि ती बोटीनं कराचीला गेली. मग लढाया झाल्या. चाचांच्या पासपोर्टवर त्या देशाचं नाव लिहायला कोणी तयार नव्हतं. मी एकदा म्हटलं, "चाचा, विधेयक पास झालं तरी तिकडचा व्हिसा कोण देणार?"

ते म्हणाले, "आधी आपल्या घरचं दार तर उघडू दे बाबा. शेजाऱ्याचं मग ठोठावू."

आपलं दार काही उघडलं नाही. पण झुलेखाबाईंचा मुलगा इक्बाल बहरीनला नोकरीला लागला, मामाला शोधत आमच्या मेसवर आला, आणि बायकोच्या बाळंतपणासाठी त्यानं आईला बोलावून घेतलं. ती यायची त्याच दिवशी त्याला दुकानातून सुट्टी मिळेना. म्हणून चाचा, दिनू आणि मी विमानतळावर.

चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अत्तर लावलं होतं. कराचीची माणसं बाहेर यायला लागली. चाचा टाचा उंचावून बघतायत. माझ्या लक्षात आलं, ते फक्त तरुण मुलींकडे बघतायत! अठरा-वीस वर्षांच्या. कोणी तशी आली की दोन पावलं पुढे जायचे, मग मागे.

मी हळूच म्हटलं, "चाचा, अहो, त्यांचं वय आता केवढं असेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाकावर जाऊन बसले.

गर्दी ओसरली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जाडसर म्हातारी बाई केव्हाची बसली होती. केस मेंदीनं लाल झालेले, पायाशी होल्डॉल. दिनूला राहवेना. तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला, "माँजी, किधर जाना है? गाडी है, छोड देगा."

ती म्हणाली, "नको रे बाबा. माजो भाऊ येनार हाय मना न्यायला."

रत्नागिरीची बोली! तीस वर्षं कराचीत राहून एक अक्षर बदललं नव्हतं.

चाचा उठले. तिनं मान वळवली. दोघं एकमेकांकडे नुसतं बघत होती. मग तिनं हात पुढे केला आणि चाचांच्या कानामागची जखमेची जुनी खूण बोटानं चाचपली. चाचा लहान मुलासारखे रडले. दिनू पाठ फिरवून उगाच होल्डॉलचे पट्टे आवळत बसला.

पिकअपमध्ये दोघांना पुढे बसवलं, मी मागे चढलो. मधली काच उघडी होती. गाडी समुद्रातल्या कॉजवेवर आली. आई-वडील गेल्याचं तिला पत्रातून कळलेलंच होतं. घर पडल्याचंही. मला वाटलं, आता ही काय विचारणार?

तिनं डोळे पुसले. समोर समुद्राकडे बघत म्हणाली, "हसना, माजी बकरी कशी हाय रे? कबरी?"

चाचांनी क्षणभरही विचार केला नाही.

"बरी हाय," ते म्हणाले. "आता दूध जरा कमी देते."