आमचं परदेशी शिबिर, मुक्काम मुरबाड

शारजातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर वर्षी परदेशात शिबिराला जाते. बायबलचं शिक्षण आणि एकमेकांचा सहवास, हे त्याचे दोन जाहीर हेतू. एकदा जॉर्जियाला गेलो, एकदा श्रीलंकेला, आणि यंदा मुरबाड तालुक्यात. मुरबाड परदेश कसा, असा प्रश्न समितीत निघाला तेव्हा शिबिराच्या प्रमुख लोंढेबाई म्हणाल्या की विमानात बसावं लागतं, मध्ये समुद्र लागतो, पासपोर्टवर शिक्का बसतो, आणखी काय हवं? आणि मुरबाड ठरलं. यंदा जे मागे राहिले त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लोंढेबाईंची शिबिरावरची फिल्म तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यात जे नाही तेवढंच सांगते.

मुंबईच्या विमानतळावर बस उभी होती. ड्रायव्हर म्हसा गावचा. परदेशी पाहुणे म्हणून त्याने गाडीत निळे दिवे लावले होते आणि इंग्रजी गाणी भरून आणली होती. आम्ही मराठीत बोलायला लागलो तसा तो जरा हिरमुसला. मग त्याने गाणी बंद केली आणि आम्हाला म्हशाच्या गुरांच्या जत्रेचं आमंत्रण दिलं, बैल घ्यायचा नसला तरी या म्हणाला.

कल्याण मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं दिसू लागली. कुठे भाऱ्यांची रास, कुठे पेंढ्यावर बसलेली पोरं. हवा गार होती आणि पेंढ्याचा तो ओला, गोडसर वास खिडकीतून आत येत होता. आमच्यातले निम्मे लोक जालना-नगरकडचे. ज्यांचं लहानपण शेणाच्या गोवऱ्या थापण्यात गेलं, ते बस थांबवून म्हशीबरोबर फोटो काढत होते. म्हशीला काही वाटलं नाही.

रिसॉर्ट मुरबाडच्या पुढे, नदीच्या वळणावर. यंदाचा विषय होता 'थांबा आणि ऐका', आणि तो आमच्या सगळ्यांच्या टी-शर्टवर छातीवर छापला होता. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पहिल्याच सकाळी साधेपणावर फार सुंदर शिकवलं. मोह कमी करा, सोय कमी मागा. सगळे डोळे पुसत बाहेर आले आणि तडक ऑफिसपाशी रांग लागली, कारण गिझरचं पाणी कोमट होतं. दुपारच्या जेवणात पनीर पाहून कुणीतरी साधी भाकरी मागितली. संध्याकाळी भाकरी आली, पण तिच्यासाठी वेगळं टेबल मांडून, कंदील लावून, फेटा बांधलेला माणूस उभा करून. फेटेवाला नेपाळचा होता.

आमच्या पाळकसाहेबांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस विद्वान, आवाज मऊ, आणि समितीला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांची नेमणूक समितीच दर दोन वर्षांनी वाढवते, हे त्यामागचं कारण असेलच असं नाही.

शिबिरात एक 'गावभेट' होती. शहापूरच्या रस्त्यावर एका गावाच्या कडेला आमच्याच ख्रिस्ती विश्वासातल्या थोड्या घरांचा पाडा आहे. मजुरी करणारे लोक. त्यांच्यात लूकसभाऊ नावाचे गृहस्थ उपासना चालवतात, पण त्यांना पाळकपदाची दीक्षा नाही, त्यामुळे ते बाप्तिस्मा देऊ शकत नाहीत. त्यासाठी कल्याणहून पाळक यावे लागतात, आणि ते वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतात. पाड्यात मंगल नावाच्या बाईच्या लहान मुलीचा बाप्तिस्मा राहिला होता. भात झोडून झालं की हे लोक वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावरच परततात. तेव्हा भट्टीचा टेम्पो यायच्या आत तुमच्या साहेबांनी एवढं करावं, अशी विनंती लूकसभाऊंनी नाक्यावरून फोन करून केली होती. लोंढेबाईंनी लगेच होकार दिला. मुख्य उपासना झाली की आम्ही सगळे येऊ, म्हणाल्या.

आता आखातात राहून आमची मुख्य उपासना असते शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. मी संडे स्कूलला शिकवते, तीही शुक्रवारीच भरते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इतकी वर्षं झाली की शुक्रवार हाच देवाचा दिवस, असं आमच्या अंगात भिनलंय. त्यामुळे वार सांगावा हे लोंढेबाईंना सुचलं नाही, आणि वार विचारावा हे लूकसभाऊंना.

शुक्रवारी उपासना उरकून आम्ही सगळे, टी-शर्ट, केक आणि ड्रोनसह, पाड्यावर पोचलो. पाड्यात माणूस नाही. दारं नुसती लोटलेली, अंगणात कोंबड्या, आणि एका ओसरीवर पोरीला मांडीवर घेतलेली मंगल. आम्हाला पाहून ती गडबडीने उठली. सगळे भात झोडायला गेलेत, आम्ही तर रविवार धरून तयारी केली होती, असं ती म्हणाली. पाळकसाहेब आमच्याकडे पाहू लागले आणि आम्ही एकमेकांकडे.

लोंढेबाई अडणाऱ्यांतल्या नव्हेत. मूल आहे, पाळक आहेत, पाणी आहे, पाच मिनिटांचं काम, असं म्हणून त्यांनी ड्रोनवाल्याला खूणही केली. मंगलने पोरीला पदराखाली घेतलं.

“मंडळी नाय तर नाव कोन ठेवंल?” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. त्या पाड्यात बाप्तिस्म्याआधी मुलाला नाव नसतं, नुसतं बाळी किंवा बाळ्या. बाप्तिस्म्याला सगळे उभे राहतात, आई नाव सांगते, पाळक ते घेतात आणि मग सगळी मंडळी एका आवाजात ते नाव म्हणते. तेव्हा कुठे मूल मंडळीतलं होतं. रिकाम्या पाड्यात हे व्हायचं कसं? लोंढेबाई म्हणाल्या, आम्ही इतकेजण आहोत की, आम्ही म्हणू. मंगलने आमच्या टी-शर्टांवरून नजर फिरवली आणि नकारार्थी मान हलवली.

“पयला पोरगा असाच गेला,” ती पाळकसाहेबांना म्हणाली. “तेवा बी साहेब येनार होते. भट्टीवर ताप आला नि दोन दिसांत गेला. बिननावाचा पुरला तितंच, भट्टीच्या कडंला. हिला मी अशी नेनार नाय, साहेब. टेम्पो आला तरी चढनार नाय.”

टेम्पो रविवारी दुपारी येणार होता. तो चुकला तर नवरा-बायकोचं वर्षाचं काम जाणार, आणि नवरा ते जाऊ देणार नाही हेही ती बोलली. पाळकसाहेब म्हणाले, “रविवारी येतो.” हे त्यांनी समितीला न विचारता म्हटलं. लोंढेबाई तेव्हा झाडात अडकलेल्या ड्रोनकडे धावल्या होत्या. मी मात्र उगाच कोंबड्यांना केक घालत बसले.

शनिवारी चहाच्या वेळी समिती बसली. अडचण अशी की रविवारी सकाळी माळशेज घाट ठरलेला, आणि तिथूनच रात्रीच्या विमानासाठी मुंबई गाठायची. पाड्यावर गेलं तर घाट बुडतो. एकजण म्हणाले, लूकसभाऊंना सांगू की टेम्पो एक दिवस थांबवा. दुसरे म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा येऊच. लोंढेबाईंनी फोनवरून व्हिडिओ लावून बाप्तिस्मा द्यायची कल्पना मांडली. साहेबांनी इकडून शब्द म्हणायचे, पाणी तिकडे लूकसभाऊंनी घालायचं. पाड्यावर रेंज नाही हे मी सांगितलं, तेव्हा ती कल्पना नाइलाजाने मागे पडली. मी म्हटलं, एक घाट नाही पाहिला तर काय बिघडतं? यावर सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जसं काही मी शिबिरात पत्ते काढले.

शेवटी विषयाला धरून पंधरा मिनिटं थांबायचं आणि ऐकायचं ठरलं. डोळे मिटून सगळे शांत बसले. डोळे उघडल्यावर कळलं की सगळ्यांना माळशेजच ऐकू आलं होतं. पाळकसाहेब रविवारचा शब्द विसरल्यासारखे चहा ढवळत बसले. मला त्यांचा फार राग आला. रात्री जेवताना मी त्यांच्या टेबलावर बसले नाही.

रविवारी उजाडता उजाडता मी फिरायला निघाले तर फाटकापाशी पाळकसाहेब उभे. हातात उपासनेच्या झग्याची पिशवी, पायांत चपला, आणि वॉचमनला मुरबाडची जीप कुठे मिळते ते विचारत होते. समितीला सांगितलंत का, मी विचारलं. “चिठ्ठी ठेवली आहे,” ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. बॅगा बसमध्ये चढवायला सांगून मीही त्यांच्याबरोबर निघाले.

मुरबाडच्या नाक्यावर शहापूरच्या रस्त्याला जाणारी शेअर जीप मिळाली. पुढे दोघे, मधे पाच, मागे किती ते मोजता आलं नाही. शेजारच्या बाईंच्या मांडीवर टोपलीत कोंबडी होती. पाळकसाहेबांची पिशवी पाहून त्यांनी डॉक्टर का असं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग पेशंट असाल. जीपमधले सगळे हसले, साहेबही हसले. चार दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पाडा भरलेला होता. खळं (भात झोडायची सारवलेली जागा) झाडून त्यावर गोधड्या अंथरल्या होत्या. लूकसभाऊंनी पुढे होऊन साहेबांचे दोन्ही हात धरले. बाकीचे कुठे आहेत, हे कुणीच विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी आमची वाट फारशी पाहिलीच नसावी. गाणं झालं, वाचन झालं, स्टीलच्या तांब्यातून पाणी घेतलं. मंगलने नाव सांगितलं, रूथ. साहेबांनी ते घेतलं आणि मंडळीने म्हटलं. पाणी गार होतं म्हणून रूथ जोरात रडली, आणि बाया हसल्या.

सगळे बसू लागले, पण मंगल उभीच राहिली. “मोठ्याचं बी नाव घ्या ना, साहेब,” ती म्हणाली. “मनात मी त्याला शमुवेल म्हनायची.”

मेलेल्याला बाप्तिस्मा नाही, हे पाळकसाहेबांनी स्वतःच आम्हाला दोन वर्षांपूर्वी तासभर शिकवलेलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, “बाई, पाणी मला घालता येणार नाही. नाव घेता येईल.” आणि त्यांनी नाव घेतलं. खळ्यावरचे सगळे पुन्हा उठून उभे राहिले आणि म्हणाले, शमुवेल. मीही म्हटलं. मंगल रडली नाही, तिचा नवरा रडला. माझं तर विचारूच नका.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या बारीक कोळंबीचं) कालवण होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुतो तोवर टेम्पो आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं, सगळं त्यात चढलं. मंगलनेही रूथला वर दिलं आणि मग स्वतः चढली. वाशिंदच्या अलीकडे त्यांची दरवर्षीची भट्टी आहे, असं लूकसभाऊंनी सांगितलं. टेम्पो वळणापलीकडे गेला तरी साहेब झग्यातच रस्त्यावर उभे होते.

मुरबाडच्या एसटी स्टँडवर आमची बस आम्हाला घ्यायला थांबली. लोंढेबाईंनी मला फोनमधले घाटाचे फोटो दाखवले. धुकं इतकं होतं की सगळ्या फोटोंत नुसते टी-शर्टच दिसत होते. पाळकसाहेब मागच्या सीटवर जाऊन झोपले, चांगले घोरत.

शारजाला परतल्यावर पहिल्या शुक्रवारी फिल्म दाखवली गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षासाठी अझरबैजान ठरलं. साहेबांची नेमणूक वाढवायचा विषय पुढच्या सभेवर गेला. मग त्यांनी नेहमीप्रमाणे मंडळीतल्या मुलांसाठी प्रार्थना केली आणि आमच्या मुलांच्या नावांनंतर रूथ आणि शमुवेल ही दोन नावं घेतली. उपासना सुटल्यावर लोंढेबाई माझ्यापाशी आल्या. ही कुणाची मुलं, नवीन कुटुंब आलंय का, कुठे राहतात, असं विचारू लागल्या; दोघांना मुलांच्या ग्रुपवर घ्यायचं होतं. मी म्हटलं, वाशिंदच्या अलीकडे एका वीटभट्टीवर. धाकटी आत्ताच तिथे राहायला गेली आहे. मोठा आधीपासूनच तिथे आहे.